आधी हातोडा, मग आवाज

अचाओच्या वाचनालयात तीन ते सहा इंटरनेट बरं चालतं,
म्हणून एलेउतेरिओ मिस्त्री पावणेतीनलाच येऊन बसले होते,
मांडीवर टोपी, टोपीत पेन ड्राइव्ह,
जसं कुणी शेजाऱ्याकडून अंडं आणावं.

बेटावरचं चॅनेल महिनाअखेर बंद होणार.
त्यांच्या पानावर अकरा वर्षांपूर्वीचा एक व्हिडिओ आहे:
मिस्त्री आणि त्यांचा भाऊ ऊर्बानो
शेवटची लाकडी होडी बांधताना.
मी पत्र टाकलं होतं. दोन ओळींचं उत्तर आलं:
तुमचंच आहे, उतरवून घ्या.
प्रती काढायला इथे आता माणूस उरलेला नाही.

पण उतरवायचं बटण पानावर कुठेच नाही.
व्हिडिओ नळासारखा येतो,
पाहून झाला की वाहून गेलेला असतो.

मग ब्राउझरसाठी हत्यारं शोधायला लागले.
एका शोधात चाळीस नावं,
सगळ्यांचा बाण खाली, सगळ्यांचा रंग हिरवा.

पहिल्याला पावणेपाच तारे.
ते म्हणालं, तुम्ही उघडाल त्या प्रत्येक पानावरचं सगळं मला वाचू द्या.
"सगळं म्हणजे?" मिस्त्री मागून.
म्हटलं, बँक. पत्रं. सभासदांची यादी, कोणाचं पुस्तक थकलंय तेसुद्धा.
"रंध्याला लाकूड दिसलं की पुरे.
घराची किल्ली मागणारा रंधा मी हातात धरला नसता."

दुसरं फुकट होतं.
दाबलं तर एक खिडकी, तिच्यामागे दुसरी,
दुसरीत मला मोटार लागली होती.
मिस्त्रींनी अभिनंदन केलं.

तिसऱ्याने नुसता आवाज आणला.
ठोका, ठोका, एक समुद्रपक्षी, ऊर्बानोचा खोकला.
ते शेवटपर्यंत ऐकत राहिले, मीही मध्ये बोलले नाही.
मग म्हणाले, "छान आहे. होडी कुठाय?"

चौथ्याचं चित्र ओबडधोबड, तारे थोडे,
पण दोनच महिन्यांपूर्वी कुणीतरी धार लावलेली.
परवानगी मागत होतं एवढ्याच पानाची,
तीही मी बोट ठेवीन तेव्हाच.
खाली बनवणाऱ्याने लिहिलं होतं:
कुलूपबंद व्हिडिओ हे उघडत नाही, कृपया विचारू नका.
मी वाचून दाखवलं. मिस्त्री पुढे झुकले.
"काय कापता येणार नाही ते आधी सांगतो,
तो लोहार बरा. हेच घे."

सहाशे बारा तुकडे. प्रत्येक सहा सेकंदांचा.
मला वाटत होतं व्हिडिओ एकसंध असतो.
"होडी तरी कुठे असते?" ते म्हणाले,
"फळ्या असतात. फटींत झाडाच्या सालीचा काथ्या ठोकायचा,
मग पाण्याला ती एकच वाटते."

चारशे नऊवर अडलं.
बाहेर फेरीने भोंगा दिला, पाच वाजले,
एक मुलगी नकाशाचं पुस्तक परत करून गेली.
मिस्त्री टोपीची कड फिरवत होते,
वाकसाचा दांडा चाचपावा तशी.
चारशे दहा.

सहाला आठ कमी असताना होडी आली.
पण आवाज सेकंदभर मागे राहिला होता:
ऊर्बानोचा हातोडा पडायचा, हात वर जायचा,
आणि मग ठोका.
मी म्हटलं, हे सरळ करणारं आणखी एक हत्यार मिळतं, थांबा.
"नको."

"त्याची शेड खाडीच्या पलीकडे होती," ते म्हणाले.
"भांडण झालं होतं आमचं, सहा वर्षं.
मी इकडून बघायचो.
आधी हातोडा दिसायचा, मग ऐकू यायचा.
हे बरोबर आहे."

पेन ड्राइव्ह टोपीत, टोपी डोक्यावर.
मी पडदा आवरायला घेतला,
काम झालं म्हणून चौथं ब्राउझरमधून काढून टाकलं.
दारातून ते वळले. "काय केलंस?"
सांगितलं.
"चांगलं हत्यार कुणी टाकतं का, पोरी?"

मी परत बसवलं.
त्याने पुन्हा विचारलं, फक्त याच पानासाठी ना?
माझ्याआधी मिस्त्रीच म्हणाले,
हो, हो, याच.